होबो वस्तीची साक्ष

४ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

वाढदिवसाला चार ओळी खरडणारी आत्या मध्येच कशी उगवली म्हणून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. डोकं तेवढं फिरलंय.

परवा नगरपालिकेचा माणूस वस्तीवर आला आणि दारोदार नोटीस चिकटवून गेला. नासपतीच्या बागांना लागून, कालव्याच्या कडेला, आमच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. हंगामी कामगारांसाठी म्हणून कधीकाळी नगरपालिकेनेच त्या बांधल्या. थंडीत आम्ही छाटणी करतो, मग फळांची विरळणी, मग तोडणी. बाग थंडावली की कोणी मासळीच्या कारखान्यात जातं, कोणी काचघरांत रोपं लावायला, आणि छाटणीच्या सुमाराला सगळे परत इथेच. आता नगरपालिकेला तिथे गाड्या उभ्या करायला जागा हवी आहे. सरळ ‘निघा’ म्हणता येत नाही, कारण नियमात ‘कामगारांसाठी’ असं लिहिलंय. म्हणून त्यांनी शक्कल लढवली की आम्ही कामगारच नाही.

पुरावा काय, तर आमचीच पाटी. आधीच सांगते, ती मी रंगवली. वस्तीच्या तोंडाशी, निळ्यावर पांढरं: ‘होबो वस्ती’. आमच्यात एक म्हातारा छाटणीवाला आहे, जन्म जहाजांवर काढलेला. सगळे त्याला कप्तान म्हणतात, होता तो साधा खलाशी. त्याने सांगितलं होतं की होबो म्हणजे कामामागे गावोगाव फिरणारा, कोणाचं फुकट न खाणारा. आम्हाला ते जाम आवडलं. आता नोटिशीला त्या पाटीचा फोटो जोडलाय आणि खाली इंग्रजी-मराठी शब्दकोशातल्या पानाची झेरॉक्स: ‘होबो : घरदार व कामधंदा नसलेला, भटका भिकारी, ऐतखाऊ.’ म्हणजे आम्हीच आमच्या हाताने लिहून दिलं, असं त्यांचं म्हणणं.

तो शब्दकोश तुमच्या कचेरीचा आहे. सुनावणी एप्रिलच्या सुरुवातीला. हा अर्थ चूक आहे, असं मला तुमच्याकडून लेखी हवंय, शिक्क्यासकट. बाकीचे म्हणतात, पाटी काढून टाकू, कटकट मिटेल. मी म्हटलं, पाटीला हात तर लावून बघा.

तुझी आत्या

१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र वाचून आधी हसले. मग झेरॉक्स बघितली आणि हसू गेलं. पान आमचंच आहे, जुन्या आवृत्तीचं, आणि तीच आवृत्ती अजून दुकानांत आहे.

आमच्याकडे अर्थ बदलायचा म्हणजे काय असतं, ते सांगते. लांबट खोलीत आमची टेबलं, भिंतीभर लाकडी कप्पे आणि कप्प्यांत शब्दागणिक चिठ्ठ्या. नव्या अर्थासाठी तीन दाखले लागतात. तीन वेगवेगळ्या माणसांनी शब्द त्या अर्थाने वापरलेला दाखवायचा, तेव्हा कुठे संपादक मान हलवतात. ‘होबो’चा कप्पा उघडला तर आत धूळ.

मग इतर इंग्रजी कोश उपसले. शब्द अमेरिकेतला. तिथे रेल्वे पसरली त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तो छापलेला सापडतो. आला कुठून, ते कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतं, खांद्यावर कुदळ टाकून शेतावर जाणाऱ्या पोऱ्यावरून. कोणी म्हणतं, स्टेशनावर मारायच्या हाकेवरून. कोणी म्हणतं, ‘होमवर्ड बाउंड’, म्हणजे ‘घराकडे निघालेला’, या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून. पण अर्थाच्या बाबतीत तुमचा कप्तान बरोबर आहे. तिकडे तीन जाती मानतात. होबो फिरतो आणि काम करतो. ट्रॅम्प फिरतो, पण काम टाळतो. आणि बम ना फिरतो ना काम करतो. आमच्या कोशाने तिघांना एकाच पोत्यात कोंबलंय.

हे सगळं घेऊन साहेबांकडे, म्हणजे मुख्य संपादकांकडे गेले. म्हणाले, “नव्या आवृत्तीत बघू.” नवी आवृत्ती कधी, तर ते त्यांनाही माहीत नाही. शिक्क्याचं नाव काढल्यावर त्यांनी टेबलाचा खण लावून घेतला. अर्थ मुळात कोणी लिहिला, ते आता कळायला मार्ग नाही. फार जुनं काम आहे.

आणि आत्या, रागावू नकोस, पण हे सगळं कशासाठी? तुझं वय झालं असं मी म्हणत नाही. पण घरी वरची खोली रिकामी आहे. आई गेल्यापासून बाबा आणि मी, दोघंच भुतासारखे वावरतो. बाबांना मी समजावते. तू ये निघून.

तुझी ठकू

२० फेब्रुवारी

ठकू,

‘रागावू नकोस’ असं लिहिलं की माणूस आधी रागावून घेतो आणि मग पुढचं वाचतो.

वरची खोली तुमच्याकडेच राहू दे. मी छप्पर मागितलं नव्हतं, शिक्का मागितला होता. माझ्या एकटीचा प्रश्न असता तर पिशवी पाठीवर टाकून केव्हाच निघाले असते, सवय आहे मला. शेजारच्या खोलीत शिडीवाला आणि त्याची बायको राहतात. तिला सातवा महिना लागलाय. खोल्या गेल्या तर ठेकेदार लांबून रोज गाडी भरून माणसं आणेल. त्यांना राहायला जागा द्यावी लागत नाही, मग आम्हाला कोण विचारतंय? आमचं काम गेलं की नगरपालिका म्हणेल, बघा, म्हटलं नव्हतं, यांना कामधंदा नाही. मी हे होऊ देणार नाही. आणि पाटीही काढणार नाही, कारण ती काढली की त्यांचंच म्हणणं आम्ही मान्य केल्यासारखं होईल.

आणि कोणी लिहिलं ते कळायला मार्ग नाही म्हणे. खोटं बोलणं तुला अजून जमत नाही. ‘ऐतखाऊ’ आमच्या घरात एकच माणूस म्हणायचा. उशिरा उठलं तरी ऐतखाऊ, परीक्षेत दुसरा नंबर आला तरी ऐतखाऊ. दादाने मला तुमच्याच कचेरीत चिकटवायचं ठरवलं होतं, टेबलसुद्धा हेरून ठेवलं होतं. मी नको म्हटलं आणि तोडणीच्या गाडीत बसून निघून गेले. त्याने नातेवाइकांत सांगितलं की बहीण परदेशी शिकायला गेली. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचा, मला बहीण नाही. तुझी आई मला लपूनछपून पत्रं लिहायची, तिनेच सांगितलं. त्या वर्षी तो ‘एच’ अक्षर लिहीत होता, हेही तिनेच. झेरॉक्स बघितल्याबरोबर मी ओळखलं की हे माझ्यावर लिहिलंय. इतकी वर्षं ते छापून दुकानांत पडलंय, ठकू. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

असो. तीन दाखले हवेत ना? मी शोधते. तू शिक्क्याचं बघ.

आत्या

१ मार्च

प्रिय आत्या,

चुकले. वरच्या खोलीचं परत नाव काढणार नाही. खोटं बोलले तेही चुकलंच. चिठ्ठीवरचं अक्षर मी कप्पा उघडताक्षणी ओळखलं होतं.

काल बाबांना सांगून टाकलं. ते खिडकीत नखं कापत बसले होते. नोटीस आणि झेरॉक्स पुढ्यात ठेवली. दोनदा वाचून म्हणाले, “नोटिशीत ‘निवासी’चा इकार चुकलाय.” मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जेवायला आले नाहीत. मी बाहेरूनच बडबडले, त्या शिडीवालीचं सांगितलं, तुझंही सांगितलं. सकाळी चहाआधी विचारतात कसं, “दाखले आले का?” मी म्हटलं, “बहिणीसाठी चाललंय का हे?” म्हणाले, “कोशासाठी.”

सोबत त्यांचं पत्र आहे. वाचून हसू नकोस. मी म्हटलं, अहो, सख्खी बहीण आहे, ‘तू’ लिहा. तर म्हणाले, कचेरीच्या कामात ‘तू’ नसतं. निवृत्त होऊन किती वर्षं झाली त्यांना.

मी साहेबांच्या मागे हात धुऊन लागलेय. मला बघितलं की ते जिना बदलतात. किती दिवस बदलतील? इमारतीला दोनच जिने आहेत.

तुझी ठकू

(सोबतचे पत्र)

प्रतिनिधी, होबो वस्ती, यांस,

आपली तक्रार पाहिली. सदर शब्द आपल्याकडे कोण, कोणास उद्देशून व कोणत्या प्रसंगी वापरतो, ते उदाहरणांसह कळवावे. स्वतःच स्वतःविषयी कौतुकाने वापरलेला शब्द पुरावा म्हणून कमकुवत ठरतो. इतरांनी वापरलेला चालेल.

‘घराकडे निघालेला’ ही व्युत्पत्ती काही जण देतात. आपल्या वस्तीतही ती प्रचलित असण्याचा संभव आहे. तिला आधार नाही. सुनावणीत सांगू नये, हसे होईल. शब्दाचे मूळ अज्ञात आहे, एवढेच म्हणावे.

वस्तीतील काही व्यक्ती वयस्कर असल्याचे समजते. त्यांना थंडीत शिडीवर चढावे लागते काय, हेही कळवावे. अर्थनिश्चितीसाठी आवश्यक आहे.

माजी सहसंपादक

९ मार्च

माजी सहसंपादक यांस,

आपले पत्र पावले. वस्तीत ते मोठ्याने वाचण्यात आले.

दाखले पुढीलप्रमाणे. बागेचा मुकादम सकाळी काम वाटताना म्हणतो, “होबो आले का? ते येईपर्यंत वरच्या फांद्यांना कोणी कात्री लावायची नाही.” त्याला आमचा पुळका नाही, पण आमच्यावाचून त्याचं अडतं. नाक्यावरची चहावाली नव्या माणसाला सांगते, “काम हवंय तर होबोंना विचार, त्यांना आधी कळतं.” तिसरा शाळेतल्या बाईंचा. त्या मुलांना दटावतात, “अभ्यास केला नाहीस तर होबो होशील.” हा आमच्या विरुद्ध जातो, हे दिसतंय. पण आपण खरेपणाचे भोक्ते, म्हणून लपवला नाही.

‘घराकडे निघालेला’ याला आधार नाही, हे ऐकून कप्तान रुसला. त्याच्यामुळेच तर ते इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. सुनावणीत आम्ही ते सांगणार नाही. आपापसांत मात्र म्हणत राहू. तिथे आपला कोश आडवा येऊ शकत नाही.

वयस्कर व्यक्ती शिडीवर चढते. गेल्या थंडीत एकदा पडली होती, घोटा सुजला होता, आता बरा आहे. अर्थनिश्चितीला हे कशाला लागतं ते कळलं नाही. तरी विचारलंत, बरं वाटलं.

प्रतिनिधी, होबो वस्ती

२६ मार्च

आत्या,

बाबा घरात नाहीत. संध्याकाळी आले तर कपाटातली बॅग गायब आणि टेबलावर चिठ्ठी: ‘दोन दाखले ग्राह्य, एक विरुद्ध. प्रत्यक्ष पाहणी आवश्यक.’ बस्स, एवढंच. कुठे जातो, कधी येतो, काही नाही. तिकडेच आले असणार, दुसरीकडे जायला त्यांना आहे कोण? रक्तदाबाच्या गोळ्या इथेच विसरलेत, सोबत पाठवतेय. रोज सकाळी एक. घ्यायला लाव, त्यांच्यावर भरवसा ठेवू नकोस.

साहेबांची सही अजून नाही. आज मी खालच्या मजल्यावर दोन्ही जिन्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते.

ठकू

६ एप्रिल

प्रिय ठकू,

गोळ्या मिळाल्या. पहिल्या दिवशी म्हणाला, “पाहणीत गोळ्या नसतात.” मी शिडीवालीला पुढे केलं. तिच्या पोटाकडे बघून त्याने निमूट गिळली.

तर तुझा बाप पंधरवड्याच्या तयारीने, घडीचं स्टूल घेऊन इथे उतरला. कप्तानच्या खोलीत राहिला. मला बघून मान लववली आणि म्हणाला, “प्रतिनिधी आपणच का?” मी म्हटलं, “हो, मीच.” केस सगळे गेलेत त्याचे. मला धक्काच बसला, पण मीही तोंडावर काही दिसू दिलं नाही. दिवसभर झाडांत स्टूल टाकून बसायचा. कोण काय करतं, कुठून आलं, इथलं संपलं की कुठे जातं, सगळ्यांना तेच ते प्रश्न, आणि खरडून घेणं चालू. शेवटची छाटणी चालली होती. मी शिडीवर चढले की तो लिहिणं थांबवून उठून शिडी धरायचा. मुकादमाने विचारलं, “आजोबा, हे काय?” तर म्हणाला, “पाहणीचा भाग आहे.” कप्तानशी मात्र रोज भांडण. एक म्हणायचा आधार नाही, दुसरा म्हणायचा तुझ्या आधाराला कोण विचारतो. जेवायला बसायचे ते शेजारी शेजारीच.

कामगार संघटनेच्या वकीलबाई आमच्या बाजूने उभ्या होत्या. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्या आल्या. दादाला बघून त्यांना आनंद झाला. ज्याने अर्थ लिहिला तोच येऊन चूक आहे म्हणणार, याहून काय हवं? पण म्हणाल्या, साक्षीदाराचं वस्तीतल्या कोणाशी नातं असेल तर साक्ष धरणार नाहीत. “तुमचं कोणाशी नातं नाही ना?” दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. मी म्हटलं, “नाही.” त्यानेही मान हलवली. अवघड काय त्यात, इतक्या वर्षांचा सराव होता.

सुनावणीची खोली छोटी, खुर्च्या कमी, आमची निम्मी माणसं भिंतीला टेकून उभी. दादा उभा राहिला आणि असा बोलला, ठकू, तू ऐकायला हवं होतंस. शब्द कुठला, कधीचा, मूळ का सांगता येत नाही, तिघांत फरक काय. शाळेच्या बाईंचा दाखलाही सांगितला, लपवला नाही. मग म्हणाला, “हा अर्थ मी लिहिला. हाताशी एकही दाखला नसताना लिहिला. तो चूक आहे. या वस्तीत मी स्वतः राहिलो, इथे कामाशिवाय कोणी नाही.” नगरपालिकेच्या वकिलाचा चेहरा पडला. सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई भराभर लिहून घेत होत्या. शिडीवालीने माझा हात इतका दाबला की बोटं दुखायला लागली. आम्ही जिंकलो होतो.

जाता जाता, आपलं विचारायचं म्हणून, तो वकील म्हणाला, “वस्तीतल्या कोणाशी आपलं नातं आहे का?”

दादा हातातले कागद जुळवत राहिला. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी मनात म्हणत होते, नाही म्हण, दादा, नाही म्हण, या पोरीचं बाळ कुठे जाईल, एवढं एकदा नाही म्हण. वकिलाने परत विचारलं.

“आहे,” दादा म्हणाला. “तिसऱ्या रांगेत, निळा स्वेटर. माझी धाकटी बहीण.” आणि कोणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाला, “छाटणीचं काम करते.”

साक्ष बाद झाली. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. नवा साक्षीदार आणायला मुदत द्या, म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि भांडून भांडून त्यांनी तोडणी संपेपर्यंतची तारीख मिळवली. तोपर्यंत खोल्यांना हात लावायचा नाही, असं लेखी दिलंय.

बाहेर आल्यावर मी त्याला सोडलं नाही. सगळ्यांसमोर ओरडले, “एवढ्या माणसांच्या छपराचा प्रश्न होता. एक शब्द जड झाला तुला? कोणी सांगितलं होतं खरं बोलायला?”

“विचारलं त्याने,” दादा म्हणाला.

“आणि इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं?”

“विचारलं होतं.”

आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागला. भर रस्त्यात, कचेरीच्या दारात, लोक येता-जाता बघतायत. मी जन्मात त्याला रडताना बघितलं नव्हतं. राग माझा गेला नव्हता, ठकू, अजूनही पुरता गेलेला नाही. पण मी शेजारी जाऊन बसले. शिडीवालीने पाणी आणून दिलं. ज्या पोरीचं त्याच्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान व्हायचं होतं, तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग मीही फिरवला.

वस्तीवर दोन दिवस त्याच्याशी कोणी धड बोललं नाही. मुकादमाने त्याला शेडमध्ये रिकाम्या पेट्या रचायला बसवलं, तोही बसला. पेट्या वाकड्या रचल्या म्हणून शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी कप्तानने भांडण उकरून काढलं, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

आता कामाचं. नवा साक्षीदार हवा, आणि तो कोशाच्या कचेरीचाच हवा, नाहीतर वजन पडत नाही. तू भाची, तू चालणार नाहीस. तुमच्या साहेबांचं आमच्याशी काही नातं नाही, हे मी वकीलबाईंना छातीठोकपणे सांगितलंय. म्हणजे आता सहीवर भागणार नाही, अख्खा माणूसच लागेल.

रविवारी दादाला घेऊन मी येतेय. चार दिवसांसाठी, राहायला नाही. सोमवारी सकाळी तू एका जिन्याशी बस, मी दुसऱ्या जिन्याशी बसते. दादा म्हणतो, तो साहेबांच्या दाराशीच उभा राहील, कारण त्यांना कचेरीत चिकटवलं त्यानेच होतं. आम्ही आलो की अंथरुणं घालू, तू वाट बघत जागू नकोस.

तुझी आत्या